बिनझडतीचा रस्ता

हिंदुस्थान सरकारची फौज जालन्यात आली आणि सरहद्द संपली. माझे सासरे त्या दिवशी बेकार झाले. निजामाच्या करोडगिरी खात्यातून, म्हणजे जकातीच्या खात्यातून, निवृत्त होऊन त्यांना तशी बरीच वर्षं झाली होती. पण सरहद्द होती तोवर तिच्यावरून काय जातं आणि काय येतं याची काळजी त्यांनी सोडलेली नव्हती. जगात माणसं दोनच प्रकारची असतात असं त्यांचं मत होतं. एक, विचारण्याआधी गाठोडं सोडणारी. दुसरी, विचारल्यावर हसणारी. नाक्यावर जो हसतो त्याच्या गाठोड्यात काहीतरी असतंच. पहिल्या प्रकारचा माणूस त्यांना जन्मात एकच भेटला, आणि तो ते स्वतः होते. दुसऱ्या प्रकारचा माणूस त्यांनी जावई करून घेतला.

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामांची सगळी नोकरी जालन्याहून देऊळगाव राजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या नाक्यावर झाली. नाका म्हणजे एक आडवा बांबू, एक पत्र्याची चौकी आणि एक लिंबाचं झाड. बांबूच्या एका अंगाला मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख, दुसऱ्या अंगाला इंग्रजी हद्द; इकडे हाली रुपया, तिकडे कलदार; इकडे फसली साल, तिकडे इसवी सन. मी देऊळगावच्या शाळेत मास्तर होतो. सासूबाई गेल्यावर मामा एकुलत्या एका मुलीकडे, म्हणजे आमच्याकडे, राहायला आले. बैलगाडीने फार तर एका दिवसाचा रस्ता; पण मामांच्या लेखी ते परदेशी गेले. “मी परमुलखात राह्यतो जावईबापू,” ते म्हणत. “घरी असला तर मानूस दिसतो. परमुलखात गेला की त्याची पावतीच दिसती.” म्हणून मोगलाईतल्या आपल्या शेताचा सारा ते मुदतीच्या आधी, स्वतः जाऊन, स्वतःच्या हाताने भरून येत. इंग्रज देश सोडून गेले तरी देऊळगावला ते इंग्रजी हद्दच म्हणत. मी एकदा चूक दाखवली तेव्हा म्हणाले, “इंग्रज गेले. हद्द कुठं गेली?”

आमच्या ओट्यावर त्यांनी दुसरा नाका मांडला. दाराशी घोंगडी टाकून ते बसत आणि घरात येणारी वस्तू पाहून मगच आत सोडत. भाजीवालीची पाटी, दुधाची चरवी, शेजारणीने पाठवलेलं लोणचं, काही सुटत नसे. भाजीवाली सुरुवातीला चिडे. “आजोबा, मेथी हाय, अफू न्हाई,” ती म्हणे. “अफू आननारी बी मेथीच म्हन्ती,” मामा शांतपणे म्हणत आणि जुडी उलटी करून पाहत. खरा जाच मला होता. मला पुस्तकांचा नाद, आणि पगार असा की तो नाद बायकोपासून लपवावा लागे. शाळेतून येताना कोटाच्या आत पुस्तक दडवून मी दारात वळे आणि मामा समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणत, “जावईबापू, पोट एकाच बाजूनं वाढून राह्यलं तुमचं.” मी हसे. तिथेच सगळं कळे. आतून बायको वडिलांना विचारी, “काय हो दादा?” “काही न्हाई बाई. पुस्तक हाय. एकच हाय.” हे ‘एकच हाय’ ते अशा सुरात म्हणत की जणू माझी सजा त्यांनी निम्मी करून आणली.

त्यांचं पेन्शन जालन्याच्या खजिन्यातून मिळे, आणि त्यासाठी माणूस जिवंत असल्याचा पुरावा लागे. एका हिवाळ्यात त्यांना ताप होता म्हणून मी देऊळगावच्या एका अंमलदाराकडून त्यांच्या हयातीचा दाखला सहीशिक्क्यासह मिळवला आणि तो घेऊन मोठ्या रुबाबात जालन्याला गेलो. खजिन्यातल्या कारकुनाने तो उलटसुलट पाहिला. दाखला इंग्रजीत, तारीख इसवी. “म्हंजे इंग्रजी हद्दीत ते जिंदा हायत,” कारकून म्हणाला. “आमच्याकडं हायत का?” मी मास्तर, वाद घालणं हा माझा धंदा. पण वर्गातली मुलं माझ्याहून लहान असतात आणि खजिन्यातला कारकून तसा नव्हता. हात हलवत परत आलो. वाटलं, मामा संतापतील. ते अंथरुणावर उठून बसले, सगळी हकिकत मला दोनदा सांगायला लावली आणि समाधानाने म्हणाले, “बराबर हाय. पक्का कारकून हाय. कोनाच्या हाताखाली तयार झाला म्हने?” पुढे कितीतरी दिवस ते येणाऱ्या-जाणाऱ्याला, आपण आपल्या मुलखात मेलेलो आहोत, हे अभिमानाने सांगत होते.

माझ्या देशभक्तीची वाटही त्यांनी याच प्रामाणिकपणाने लावली. मोगलाईत त्या वेळी बाहेरच्या वर्तमानपत्रांना बंदी होती. जालन्यातल्या एका मास्तरमित्राला असं एक वर्तमानपत्र पोहोचवायचं मी मनावर घेतलं. ते छत्रीत गुंडाळलं आणि मामांच्या सोबतीने निघालो. नाक्यावर मामांच्या जागी आता खाँसाहेब होते. मामांनीच त्यांना शिकवून तयार केलेलं. मामांसमोर ते कधी बसत नसत. मामांनी रिवाजाप्रमाणे रस्त्यातच गाठोडं सोडलं, अर्धी खाल्लेली भाकरीसुद्धा दाखवली, आणि मग म्हणाले, “जावयाच्या छत्रीत वर्तमानपत्र हाय.” तुरुंग, मुलाखत, परतल्यावर गळ्यात हार, असं सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. हार जरा जास्त वेळ राहिला. खाँसाहेबांनी छत्री उघडली, कागद उलगडला, वरची तारीख पाहिली आणि म्हणाले, “साब, ये तो पुराना है.” ते खरं होतं. मी सावकाश वाचणारा माणूस; वाचून होईतो बातम्या शिळ्या झाल्या होत्या. खाँसाहेबांनी तो कागद घडी करून मला परत दिला आणि छत्री मात्र नीट वाळवून वापरा असं सांगितलं. राजद्रोहाच्या नावाने माझ्या खात्यावर एवढंच जमा आहे.

मग देश स्वतंत्र झाला आणि मोगलाई मागे राहिली. देऊळगावात निजामाविरुद्ध लढणाऱ्या तरुण मुलांचा कँप पडला. रझाकारांच्या धास्तीने जालन्याकडची माणसं पोरंबाळं, भांडीकुंडी घेऊन रोज हद्द ओलांडून येऊ लागली. मामांचं पेन्शन बंद झालं. कँपातल्या मुलांनी हाक दिली की निजामाला सारा द्यायचा नाही, आणि त्याचं पत्रक लिहायला त्यांना भाषेचा माणूस हवा होता. मी लिहिलं. रात्रंदिवस खपून, शब्द निवडून लिहिलं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या शेतकऱ्यांना त्यातलं अक्षर कळलं नाही. मनापासून वाचणारा वाचक मला एकच मिळाला, तो माझ्याच ओट्यावर. मामांनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, “भाषा चांगली हाय. पन सारा अन् जकात यांत घोळ केलाय तुम्ही.” कँपातला एक मुलगा तिथेच उभा होता. “आजोबा, ह्या निजामानं तुम्हाला दिलं काय?” तो तावातावाने म्हणाला. “पेन्शन,” मामा म्हणाले. “तेही बंद केलं ना आता? मग सारा कशाला द्यायचा त्याला?” “सरकार वाईट हाय म्हनून सारा चुकवायची सवय लावून घेतली,” ते म्हणाले, “अन् उद्या चांगलं आलं, तर मंग ती सवय कशी मोडायची?”

मुलगा हसला. मला हसू आलं नाही, कारण मामांचं काय अडकलं होतं ते मला माहीत होतं. शेताच्या बांधावर एक चिंच होती आणि तिच्याखाली सासूबाईंना अग्नी दिला होता. सारा थकला तर शेताचा लिलाव होतो; हे मामांनी नोकरीत असताना दुसऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं. आषाढात एका सकाळी त्यांनी हाली रुपये कमरेला बांधले आणि जालन्याला निघाले. बायको रडली, मी पत्रकातले मुद्दे सांगितले. “शेत गेलं,” मामा म्हणाले, “तर तुमच्या सासूबाई कोनाच्या शेतात राह्यतील?” बायको डोळे पुसून मला म्हणाली, “अहो, तुम्ही जा बरोबर. तुम्ही असलात म्हणजे ते हळू चालतील.” अशा रीतीने साराबंदीच्या पत्रकाचा लेखक सारा भरायला निघाला, आणि तोही ओढ धरणाऱ्या बैलाच्या गळ्यातल्या लोढण्याच्या कामावर.

नाका जळलेला होता. कँपातल्या मुलांनी काही दिवसांपूर्वी चौकी पेटवली होती. बांबूचं कोळशासारखं टोक चिखलात पडलं होतं. रस्ता मोकळा होता. आणि लिंबाखाली एका पालथ्या डब्यावर खाँसाहेब बसले होते. नाका सोडायचा हुकूम त्यांना आला नव्हता. मामांना पाहून ते उठले.

“काय खाँसाहेब, बांबू कुठंय?”

“जल गया साब.”

“मंग रस्ता कशानं अडवता?”

“मैं खडा हूँ ना.”

मामांना ते पटलं. त्यांनी गाठोडं रस्त्यात सोडलं: भाकरी, चटणी, एक धोतर. कमरेचे रुपयेही काढून दाखवले. जालन्याच्या बाजूला, झाडांच्या वर, धूर दिसत होता. खाँसाहेब हलक्या आवाजात म्हणाले, “आगे नक्को जाव साब. माहौल अच्छा नहीं.”

“माहौल तहसीलीत भरायचा न्हाई. सारा भरायचा हाय,” मामा म्हणाले.

खाँसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी धुराकडे पाहिलं. आयुष्यभर वाचलेल्या पुस्तकांतलं एकही वाक्य मला त्या वेळी आठवलं नाही. मग खाँसाहेबांनी कोटाचं वरचं बटण लावलं, आणि त्यांचा आवाज बदलला.

“ये धोती नई है. महसूल लगेगा.”

“लागू द्या. घ्या.”

“रसीद की किताब जल गई. रसीद नहीं, तो महसूल नहीं ले सकता. महसूल नहीं, तो रास्ता नहीं. वापस जाव.”

मामा त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले. “हुकूम हाय?”

“हौ. हुकूम है.”

“बराबर हाय,” मामा म्हणाले, आणि खाली बसून त्यांनी गाठोडं बांधलं.

जाताना मी त्यांना हळू चालवायला गेलो होतो. परतताना त्यांनाच मला दोनदा हाका मारून थांबवावं लागलं. नाका दिसेनासा झाल्यावर मला धीर आला. म्हटलं, “मामा, ते धोतर नवं नव्हतं.” ते माझंच जुनं होतं, एका टोकाला शिवलेलं.

“न्हाईच नवं. अन् वापरायच्या कापडाला महसूल बी न्हाई. मीच शिकवलंय त्याला.”

“मग वळलात कशाला?”

“नाक्यावर नाकेदाराचं ऐकायचं असतं जावईबापू.” थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा बोलले, माझ्याशी नव्हे, रस्त्याशी बोलल्यासारखे. “हसला न्हाई. पाह्यलं का तुम्ही? इतकं पोटात होतं, पन बिलकुल हसला न्हाई. चांगला तयार झाला.”

पुढच्या गावात त्या दिवशी रझाकारांनी काय केलं ते मागाहून कँपात आलेल्या माणसांनी सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि ओट्यावर जाऊन बसले. त्या संध्याकाळी भाजीवाली आली, दारात थांबली, पाटी पुढे केली. मामांनी ती पाहिली नाही. तिने स्वतःच मेथीची जुडी उलटी करून दाखवली.

फौज आल्यावर रस्ता सुरू झाला तेव्हा मामा सारा घेऊन निघाले. लिंबाखाली कोणी नव्हतं. पालथा डबाही नव्हता. जवळच्या वस्तीवर मामांनी चौकशी केली. “गेले,” एवढंच लोक म्हणाले, आणि आपापल्या कामाला लागले. त्या दिवसांत तिकडच्या कितीतरी मुसलमान माणसांबद्दल असंच ‘गेले’ म्हणत होते आणि कोणी अधिक सांगत नव्हतं. तहसीलीत नव्या माणसाने सारा घेतला, पावती फाडली आणि मामांकडे मान वर करून पाहिलं नाही. शेत राहिलं. परतताना मामा मोटारीत माझ्याशेजारी बसले होते. लिंब जवळ आला तसं त्यांनी मांडीवर गाठोडं घेतलं आणि सोडलं. मोटार थांबली नाही. लिंब मागे गेल्यावर त्यांनी ते पुन्हा बांधलं. पुढे जेव्हा जेव्हा आम्ही त्या रस्त्याने गेलो तेव्हा त्यांनी हेच केलं. उतारू हसत. मामा त्यांच्याकडे संशयाने पाहत.

गेल्या माघात ते गेले. अग्नी चिंचेखालीच दिला.

शेत आता माझ्या बायकोच्या नावावर आहे आणि सारा मी भरतो, मुदतीच्या आधी, स्वतः जाऊन. खाँसाहेबांचा पत्ता लागलेला नाही. लिंब आहे. मोटार तिथे थांबत नाही. तो जवळ आला की मी मांडीवर पिशवी घेतो आणि उघडून ठेवतो. तिच्यात पुस्तक असतं. एकच असतं.