मंगळवारचा धूर

ताउनोकाकांनी आपलं व्हायोलिन सौनाच्या भट्टीत घालून जाळलं, ही बातमी मे महिन्यातल्या एका मंगळवारी आमच्या गावात पसरली. ती साफ खोटी होती. हे मी एवढ्या खात्रीने सांगते, कारण पसरवली मीच होती.

दोष अर्धाच माझा. आमच्याकडे सौना, म्हणजे अंगणातली वाफेने अंग शेकायची खोली, तापतो शनिवारी. मधल्या वारी कुणाच्या सौनाच्या धुरांड्यातून धूर निघाला, तर त्या घरी एकतर पाहुणा आलेला असतो, नाहीतर कुणीतरी गेलेलं असतं. ताउनोकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे, घरात एकटेच. मी सहज खिडकीशी उभी होते. गेली सत्तावीस वर्षं मी तिथे सहजच उभी असते. बघते तर मंगळवारी धूर, आणि काका काखेत व्हायोलिन घेऊन सौनाकडे चाललेले. तासाभराने हात हलवत परत आले. व्हायोलिन नाही! मग मी दुकानात गेले, आणि दुकानात गेल्यावर माणूस गप्प थोडाच बसतो?

लोकांना पटलंही लगेच. कारण मार्चमध्ये काका तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायला गेले होते, तेव्हा घसरले आणि डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मोडून घेतली. प्लास्टर निघालं, पण बोटं वाकेनात. डॉक्टर म्हणाले, "कॉफीचा कप धरता येईल हो तुम्हाला."

"कप मी उजव्या हाताने धरतो," काका म्हणाले आणि घरी आले. त्यानंतर त्यांच्या घरातून एक सूर बाहेर आला नव्हता.

आणि जूनमध्ये, युहान्नुसच्या म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाच्या शनिवारी, माझ्या मुलीचं, साइमीचं लग्न होतं.

आमच्या गावात चर्चपासून नवरीच्या घरापर्यंत वरात चालत येते आणि सर्वांत पुढे व्हायोलिनवाला. वरातीची धून काकांना त्यांच्या वडिलांकडून मिळालेली, कागदावर कुठेच नाही. मिळालेली म्हणजे काय, चोरलेली. सात वर्षांचा ताउनो वडील गवत कापायला गेले की स्टुलावर चढून भिंतीवरचं व्हायोलिन काढायचा. एकदा टेबलावर गजाला लावायच्या राळेची पूड सांडलेली वडिलांना दिसली. दुसऱ्या दिवशी भिंतीतला खिळा हातभर खाली आलेला होता.

मोठेपणी हा माणूस सकाळ-संध्याकाळ सहा गाईंचं दूध काढायचा आणि शनिवारी गावातल्या नवरीमुली चर्चमधून घरी पोचवायचा. व्हायोलिन हनुवटीखाली नाही, छातीशी धरायचं, डावा पाय आपटत चालायचं. नवरीने त्यांना हाताने विणलेले हातमोजे द्यायचे, ही आमची रीत. काकांकडे हातमोज्यांची एक पेटी भरली आहे. साइमीच्या बारशाला पाळण्यात डोकावून ते म्हणाले होते, "हिच्या पुढे मीच चालणार." साइमीने ते कधी विसरू दिलं नाही.

त्यामुळे बातमी ऐकून ती रडायलाच लागली. तिचा होणारा नवरा म्हणाला, "शहरात एक अ‍ॅकॉर्डियनवाला आहे ओळखीचा." ती आणखी रडली, पण त्याला बोलवायला नाहीच म्हणाली. शेवटी माझंच मन मला खाऊ लागलं. गुरुवारी परत धूर दिसला, तशी मी अंगणं ओलांडून गेले आणि सौनाचं दार ढकललं.

बाहेरच्या खोलीत काका बाकावर बसलेले. कमरेला टॉवेल, अंग टोमॅटोसारखं लाल, छातीशी व्हायोलिन.

"अगं बाई! दार वाजवायची पद्धत गेली वाटतं गावातून?"

"तुम्ही जाळलं नाहीत ते?"

"काय जाळलं नाही?"

मी सांगितलं. काका एवढे हसले, की टॉवेलची मलाच काळजी वाटली.

"हे जाळलं असतं हिल्का, तर आधी तुला बोलावलं असतं. तुझ्याशिवाय गावाला कळवणार कोण?"

मग त्यांनी हात पुढे केला. आत वाफेत बसलं की बोटं थोडी नरम पडायची. वाकायची नाहीत, पण तारांच्या आड येणं थांबवायची. तेवढ्या अवधीत काका सगळी धून उरलेल्या दोन बोटांवर बसवत होते. व्हायोलिन आता इथेच कोरड्या कपाटात राहायचं. "अर्धा तास ऐकतात माझं," ते म्हणाले. "मग परत लाकूड."

"चर्चपासून घर वीस मिनिटं," मी म्हणाले.

"पण त्याआधी पाद्रीबुवांचं प्रवचन असतं ना."

तेवढ्यावरच सगळं अडलं होतं. प्रवचनात हात गार पडला, की वरात गेली. साइमीला सांगायला त्यांनी मला बंदी केली. जमलं नाही तर तिने लग्नाच्या दिवशी त्यांची कीव करायला नको, म्हणून. आयुष्यात प्रथमच मी महिनाभर तोंड बंद ठेवलं. नवऱ्याला वाटलं मी आजारी आहे.

लग्नाच्या दिवशी सौना मीच तापवला. काका भट्टीपाशी बसून शेकून निघाले आणि काळ्या कोटावर, भर जूनमध्ये, हातमोज्यांच्या दोन जोड्या चढवून चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसले. पाद्रीबुवा त्यांच्या हातांकडे बघत दोनदा वाक्य विसरले. वरची जोडी लाल काठाची होती. सत्तावीस वर्षांपूर्वी मी विणलेली, एक अंगठा आखूड असलेली.

दाराशी त्यांनी हातमोजे काढून माझ्या हातात दिले. गज तारांवर टेकवला.

धून तीच होती, पण जिथे पूर्वी सुरांचा सडा पडायचा, तिथे आता एकच लांब सूर. पायही सावकाश पडत होता. त्यांच्यामागे साइमी, साइमीमागे सगळं गाव, एकेक पाऊल मोजून टाकल्यासारखं. घाईने चालायची सवय असलेले लोक आम्ही, पण कुणी पुढे रेटलं नाही. वाटेवरच्या बर्चच्या झाडांजवळ त्यांचं एक बोट घसरलं, सूर तुटला. साइमी थांबली. मी हातमोजे घट्ट धरले. काकांनी पाय दोनदा जास्त आपटला आणि तिथूनच सूर परत उचलला. आमच्या अंगणापर्यंत तो तुटला नाही.

साइमीने त्यांना आपले हातमोजे दिले तेव्हा मी बाजूला उभी होते. डोळे पुसून झाले होते, त्यामुळे जीभ मोकळी होती.

"काय हो ताउनोकाका, माझ्या लग्नात घोडा उधळल्यासारखे पळालात. माझ्या डोक्यावरची नवरीची जाळी मागच्या मागे उडाली होती. आणि आज ही गोगलगाय?"

काका नवे हातमोजे चढवत म्हणाले, "तुझा नवरा मागे फिरेल की काय, या धास्तीने पळत होतो. आजच्या पोराची तशी काळजी वाटली नाही."