नामदेवले कोनं मारलं

डिसेंबर १९७१. पूर्व पाकिस्तानात शरणागती झाली आणि आमच्या प्लाटूनला एका ताग गिरणीच्या फाटकावर गार्ड लागली. आत उर्दू बोलणारी बिहारी कुटुंबं होती. त्यांच्यातल्या काहींनी पाकिस्तानी फौजेला साथ दिली होती. सूड सगळ्यांवर निघत होता. नऊ महिने ज्यांची घरं जळली, तेच बंगाली आता कोयते घेऊन बाहेर फिरत होते. आता शत्रू कोण, हे विचारायला मी सुभेदारसाहेबांकडे गेलो.

ते म्हणाले, "चाय पी."

मी केनवडचा. माझा जोडीदार लान्स नाईक नामदेव मालेगावजवळचा. पक्का नकलाकार. कंपनी कमांडरची चाल अशी काढायचा, की एकदा पाठमोरा पाहून सुभेदारसाहेबांनीच त्याला सॅल्यूट ठोकला!

त्या सकाळी एक बिहारी पोरगी पाण्यासाठी कुंपणातून बाहेर निघाली. दहा-बारा वर्षांची. जमाव मागे लागला, तिने तळ्यात उडी टाकली.

नामदेवने रायफल माझ्या हातात दिली. "धर. गोळी त चालवाचीच नाही म्हन्ते."

मी वायरलेस उचलला. "फायर की इजाजत चाहिए. ओव्हर."

"निगेटिव्ह. वो अपने दोस्त हैं. आउट."

नामदेवने पोरीला बाहेर काढलं. ती थंडीने काकडत होती. काठावर ठेवलेला शर्ट आणि जर्सी त्याने तिला घातली. स्वतः ओल्या बनियनवर. मग जमावासमोर हात जोडून, आमच्याकडे मुसलमान शेजारी बोलतात त्या हिंदीत म्हणाला, "भाईजान, सबर करो. बच्ची है."

अंगावर वर्दी नाही, तोंडात उर्दू. त्यांना तो बिहारीच वाटला. कोयते त्याच्यावर पडले.

"इंडियन आर्मी!" मी ओरडत धावलो. त्याने पोरीला माझ्याकडे ढकललं. मी हवेत फायर केला. दोस्त पांगले. नामदेव उठला नाही.

पुढे मालेगावात सभा झाली. हार, फेटे, लाउडस्पीकर. सरपंच कानाशी लागले, "भाऊ, दुश्मनानं मारलं म्हना. लोकायले बाकीचं समजत नाही."

माइक हाती आला की मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सगळं सांगितलं. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले.

"काहून सांगून राह्यला हे?" सरपंच तडकले. "त्यायच्या पोरीसाठी मेला म्हन्ता? पाटी कोरून झाली ना!"

बायांमधून नामदेवची माय उठली. पंचफुलाबाई. "तुमी चूप बसा, सरपंच." मग माझ्याकडे वळली. "ते पोरगी वाचली का, बाबू?"

"वाचली, माय."

"मंग सांग नं तसं. कवाचा मरनाचंच सांगून राह्यला."

शाळेच्या भिंतीवरच्या पाटीवर 'शत्रूशी लढताना' असंच राहिलं. दर वर्षी तिला हार पडतो. पंचफुलाबाई तिच्यापुढे कधी उभी राहिली नाही. पोरगा कसा गेला, असं कोणी विचारलं तर सांगायची, "एका लेकराले काढाले पान्यात उतरला होता."