माऊसच्या चकतीतली रुई

सोल्डरिंग करताना राळ जळल्याचा वास आला की मला रामाकोन्याचं आमचं घर आठवतं, पुढच्या खोलीत छातीइतका कापूस भरलेलं. मी दहावीत होते आणि दुसऱ्या दिवशी सौंसरच्या शाळेत मला माझा रोबो दाखवायचा होता. पांढुर्ण्याच्या भंगारातून आणलेले दोन जुने माऊस फोडून त्यांतल्या बारीक खाचांच्या चकत्या मी त्याच्या दोन्ही चाकांना लावल्या होत्या. कोणतं चाक किती फिरलं ते त्या मोजायच्या. पण सरळ जायचं सोडून तो मेला दरवेळी वळून कापसातच घुसायचा. वायर बदलल्या, प्रोग्राम पुन्हा लिहिला, शेवटी रडत बसले. "काय करून राहिली वं?" म्हणत आई आली. ती नुकतीच वेचणीवरून परतली होती, बोटं बोंडांनी ओरबाडलेली. तिनं रोबो मांडीवर घेतला आणि चकतीवरून हळूच बोट फिरवलं. "रुई हाय इथं. डोळ्याले नाही दिसत, बोटाले लागून राहिली." नखानं तिनं खाचेत अडकून मोजणी चुकवणारा एक तंतू ओढून काढला. मी रोबो समोरून सोडला, आणि तो सरळ चालत तिच्या पायाशी येऊन थांबला. "आला वं माह्याकडे!" ती लहान मुलीसारखी हसली. आता साखरेच्या आजारानं तिची बोटं बधिर झाली आहेत, नजरही मंदावली आहे. काल वाती वळता वळता तिनं विचारलं, "पाह्य वं, कापूस हातात हाय का पडला?" पडला होता. मी तो उचलून तिच्या चिमटीत ठेवला आणि म्हणाले, "हाय ना, आई."