कूलरची ट्रायल

चाकणला रात्रपाळी करून दिवसा पत्र्याच्या खोलीत झोपायचं, म्हणजे उन्हाळ्यात भाजून निघायचं. यंदा ठरवलं, कूलर घ्यायचाच. महागडा असला तरी चालेल. पण मी पडलो कंपनीच्या तपासणी खात्यातला. ट्रायल घेतल्याशिवाय माल पास करत नाही. पाळी संपवून, बायकोला घेऊन काळेवाडीतल्या दुकानात गेलो आणि भारीतल्या रिमोटवाल्या कूलरपुढं खुर्ची टाकून बसलो. वारा झकास होता, पण किमतीच्या धास्तीनं डोळा लागेना.

“आता साध्यापुढं बसतो,” मी म्हणालो.

बायकोनं हलवून उठवलं, तेव्हा भोवती गिऱ्हाइकं हसत उभी होती.

“भाऊ, हाच द्या,” ती दुकानदाराला म्हणाली. “ह्यांनी घोरून पास केलाय.”