पाच मिनिटं उभं राहा

आमच्या गुरुजींना आल्या माणसाला पाणी विचारायची सवय नव्हती. ते त्याला चित्रासमोर उभं करायचे, मनगट वर करून घड्याळ बघायचे आणि म्हणायचे, "पाच मिनिटं उभं राहा. मग बोला." डिंभ्याची एसटी चुकलेला माणूस पंख्याखाली दम खायला आत शिरायचा आणि शाळेतली शिक्षा भोगून बाहेर पडायचा.

गुरुजी म्हणजे रिटायर झालेले चित्रकलेचे मास्तर. त्यांचे थोरले भाऊ मुंबईत मोठे चित्रकार होते म्हणे. किती मोठे ते मला ठाऊक नाही. गावी परतले तेव्हा बारा चित्रं आणि खोकला, एवढंच बरोबर होतं. ते वारल्यावर गुरुजींनी ग्रामपंचायतीकडून जुन्या शाळेची खोली मागून घेतली, बाराही चित्रं टांगली आणि बाहेर पाटी लावली: 'चित्रसंग्रहालय'. चित्रांत ना माणूस, ना झाड, ना गाय. नुसते रंग. मी चौथी शिकलेली, खोली झाडायला जायची. एकदा म्हटलं, "गुरुजी, तुमीच काढा की एखादा चांगला आंबा." ते म्हणाले, "पारूबाई, आंबा मला काढता येतो. दादाला बघता येत होतं."

आत आलं की वहीत सही करायचा नियम होता. मी रोज झाडायला जायची, म्हणून रोज माझी सही. सरपंचांनी एकदा वही चाळली, तेव्हा निम्मं गिऱ्हाईक मीच निघाले.

"गुरुजी, शिमग्यापत्तुर मान्सं दाखवा," सरपंच म्हणाले. "न्हाईतर खोली पोरांच्या तालमीला."

गुरुजींची झोप उडाली. तेवढ्यात गंगूबाईची म्हैस हरवली. शोधता शोधता ती संग्रहालयात आली. समोर काळ्या रंगावर मोठा शेंदरी गोळा. तिला वाटलं, देवीचा शेंदूर फासलेला दगड, तांदळाच. तिनं हात जोडून नवस बोलला आणि संध्याकाळी म्हैस आपण होऊन गोठ्यात आली. म्हशी संध्याकाळी येतातच, पण हे गंगूबाईला कोण सांगणार?

पुढच्या मंगळवारी दारात बायकांची रांग. हळद, कुंकू, नारळ, खणसुद्धा. माझ्या बापानं धर्म बदलला तेव्हा घरातले देव घोड नदीत सोडले होते. मला वाटलं, त्यातलाच एखादा शाळेत उगवला की काय! वहीत सह्या आणि अंगठे मावेनात. सरपंच खूश. "गुरुजी, आता कुनाची छाती हाय खोलीला हात लावायची? म्होरं पत्र्याची शेड बी टाकू."

गुरुजींनी फक्त गप्प बसायचं होतं. एवढं सोपं काम त्यांना जमलं नाही. ते दारात उभे राहिले. "हात जोडायचे नाहीत. पाच मिनिटं नुसतं बघायचं." एक म्हातारी त्यांच्या काखेखालून आत गेली आणि गोळ्यावर कुंकवाचं बोट ओढून आली. गुरुजींनी नारळ उचलून बाहेर ठेवले आणि ओला कापूस घेऊन कुंकू पुसत बसले. ते पुरतं निघालं नाहीच.

सरपंचांनी कपाळावर हात मारला. "अहो, देवी म्हनायला तुमचं काय जातंय?"

"दादानं देवी काढलेली नाही."

"मंग काय काढलंय?"

"ते मलाही अजून कळलं नाही. म्हणून तर रोज बघतो."

बायका यायच्या थांबल्या. शिमगा झाला आणि खोलीत दंड-बैठका सुरू झाल्या. बारा चित्रं गुरुजींच्या दोन खोल्यांत आली. गुरुजी त्यांच्यामधून अंग तिरकं करून वावरायचे. मी त्यांना म्हटलं, "लई हुशार तुमी. देवी ठिवली असती, तर खोली ऱ्हायली असती." ते म्हणाले, "खोली राहिली असती. चित्र गेलं असतं."

चार वर्षांनी गुरुजी गेले. घरात दुसरी जागाच नव्हती, म्हणून त्यांना त्या शेंदरी गोळ्याखालीच ठेवलं. कधी उंबरा न चढलेलं गाव आलं. सरपंचांनी हार घातला आणि घसा साफ केला. "गुरुजी म्हंजी लई थोर मानूस. गावाला त्यांची किंमत..."

"सरपंच," मी म्हटलं, "पाच मिनिटं उभं ऱ्हा. मंग बोला."

मी गुरुजींच्या मनगटावरचं घड्याळ बघत होते. ते चालू होतं. दुसऱ्या मिनिटाला सरपंचांनी मोबाइल काढला. तिसऱ्याला गंगूबाई म्हैस सोडायची म्हणून निघाली. पाच मिनिटं भरली तेव्हा सगळे माना खाली घालून उभे होते. चित्राकडे कोणीच बघत नव्हतं.

मी म्हटलं, "उचला आता."