‘काही घाई नाही’ म्हणजे लाल

लीड्समधल्या एका बड्या सल्लागार कंपनीच्या भागीदार क्रॅब्ट्रीबाई अत्यंत महत्त्वाच्या गिऱ्हाइकासमोर उभ्या होत्या आणि त्यांचा लॅपटॉप काही केल्या उघडत नव्हता. सकाळीच त्यांनी हेल्पडेस्कला मेल पाठवली होती: ‘काही घाई नाही, पण सवड झाली तर माझ्या लॅपटॉपकडे एकदा नजर टाकाल का?’ हेल्पडेस्कवर मेलांची निकड ठरवायला नव्याने बसवलेल्या प्रोग्रामने ती वाचली, हिरव्या रंगाची चिठ्ठी चिकटवली आणि सर्वांत तळाला, कुणाच्या तरी कुरकुरणाऱ्या खुर्चीच्या तक्रारीच्याही खाली, सारून दिली. बाईंनी गिऱ्हाइकाला अर्धा तास हवापाण्याच्या गप्पांत गुंतवून ठेवलं. इंग्लंडात ते जमतं, पण त्यालाही मर्यादा असते.

प्रोग्राम लिहिला होता कीली सगडनने. गुन्हेगार मात्र तिचा साहेब जाइल्स थॉर्नबी. हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं, जाइल्सलाही नाही.

कीली उत्तरेकडच्या बार्न्सलीची. शाळा संपल्यावर ती थेट या कंपनीत शिकाऊ म्हणून चिकटली. आठवड्यातले चार दिवस काम, एक दिवस विद्यापीठ. पगार कंपनी देणार, फीही कंपनीच भरणार आणि शेवटी हातात संगणकाची पदवी. तिच्या बापाचा, जो बसगाड्या दुरुस्त करतो, यावर वर्षभर विश्वास बसला नाही. “शिकवतात फुकट आणि वर पगार? बाळ, यात काहीतरी गोम आहे. किडनीबिडनी मागितली तर आधी मला फोन कर.”

गोम किडनीत नव्हती, भाषेत होती. बार्न्सलीत माणूस ‘बरं आहे’ म्हणाला की समजावं, त्याला आनंदाने रडू कोसळायचंच बाकी आहे. जाइल्स दक्षिणेकडचा, सरे परगण्यातला. तिकडे शब्द मोजूनमापून वापरतात आणि अर्थ खिशात ठेवतात. कीलीने आपला प्रोग्राम त्याला तपासायला दिला तेव्हा त्याने उत्तर लिहिलं होतं, ‘फारच रोचक! एखाद-दुसरी बारीक गोष्ट पाहता आली तर पाहावी.’ सरे परगण्याच्या भाषेत याचा अर्थ, ‘हे मेहेरबानी करून सुरू करू नकोस.’ कीलीने एक स्वल्पविराम सुधारला आणि प्रोग्राम सुरू केला.

लॅपटॉपच्या फजितीनंतर दुसऱ्या दिवशी दोघांना क्रॅब्ट्रीबाईंचं बोलावणं आलं. कीलीचा जीव मुठीत. हाच प्रोग्राम तिचा पदवीचा शेवटचा प्रकल्प होता. तो बंद पडला तर परीक्षकांपुढे ठेवायला काहीच नाही, म्हणजे पदवी वर्षभर लांबली.

“नेमकं काय झालं?” क्रॅब्ट्रीबाईंनी विचारलं.

“तुम्ही घाई नाही असं लिहिलंत,” कीली म्हणाली. “म्हणून त्याने घाई केली नाही.”

जाइल्सच्या घशात बिस्किट अडकलं.

“अगं, असं लिहायची पद्धत असते!”

“घाई असली तरी?”

“घाई असली तर *विशेषच*.” एवढं बोलून बाई स्वतःच जरा थबकल्या. मग जाइल्सकडे वळल्या. “तुम्ही तपासलं होतंत ना?”

“हो तर. मी काही शंका सुचवल्या होत्या.”

“कधी?” कीली ताडकन म्हणाली.

“मी... ‘रोचक’ म्हटलं होतं.”

“ती शंका होती? मी ते घरी आईला वाचून दाखवलं! तिने केक आणला!”

क्रॅब्ट्रीबाईंनी डोळे मिटले. “महिनाअखेरपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर बंद करा,” त्या म्हणाल्या. यात मात्र कुणाला काही शंका राहिली नाही.

बाहेर येताच कीलीने दोन कप चहा केला, जाइल्सला खुर्चीत बसवलं आणि जुन्या मेलांचा ढीग उघडला. “मी वाचते. तुम्ही अर्थ सांगा. खरा.”

“अर्थ तसा... संदर्भावर...”

“जाइल्स!”

“बरं, बरं.”

“‘आपण कामात असाल याची कल्पना आहे.’”

“दोनदा लिहून उत्तर आलेलं नाही. माणूस खवळलाय.”

“‘बहुधा माझंच काहीतरी चुकत असेल.’”

“तुमचं चुकलंय.”

“‘आधीच आभार मानतो.’”

“आता नाही म्हणायची सोय उरली नाही.”

“‘सप्रेम’?”

“ते नुसतंच सप्रेम. त्यात काही नसतं.”

“बाई गं,” कीली म्हणाली, “तुम्ही लोक आग लागली तर काय करता?”

जाइल्सने प्रामाणिकपणे विचार केला. “आधी दिलगिरी व्यक्त करतो.”

नव्या प्रोग्रामचं सूत्र यातूनच निघालं: जेवढी दिलगिरी जास्त, तेवढा रंग लाल. ‘काही घाई नाही’ दिसलं की धावत सुटायचं. पहिल्याच आठवड्यात एक मेल आली, चार वेळा ‘क्षमस्व’ आणि एकदा ‘अगदी क्षुल्लक’. प्रोग्रामने लालेलाल चिठ्ठी लावली. माणसं धावली. सर्व्हरच्या खोलीत छतातून पाण्याची धार लागली होती आणि लिहिणारे गृहस्थ तिच्याखाली बादली धरून सभ्यपणे उभे होते.

क्रॅब्ट्रीबाई “चालेल” म्हणाल्या. त्या मूळच्या बार्न्सलीकडच्याच हॅलिफॅक्सच्या, त्यामुळे कीलीला अर्थ बरोबर कळला.

आता उरली परीक्षकांपुढची मांडणी. कीलीने ती सोमवारी जाइल्सला करून दाखवली. “भरपूर माहितीपूर्ण,” तो म्हणाला. ती खूश. गुरुवारी, म्हणजे परीक्षेच्या आदल्या दिवशी, तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पहिला अर्धा वेळ टपालखात्याच्या स्थापनेपासूनचा इतिहासच चालू होता. लाल चिठ्ठी आणि बादलीवाले गृहस्थ येईपर्यंत परीक्षकांची एक झोप झाली असती.

जाइल्सच्या ओठांवर ‘फारच सर्वांगीण’ येऊन ठेपलं होतं. त्याने ते गिळलं. मग त्याला या मुलीची चार वर्षं दिसली. पहाटेची बस, दिवसा नोकरी, शनिवार-रविवारी अभ्यास. त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. कान तांबडे झाले. त्याच्या घराण्यात असं वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं.

“कीली,” तो म्हणाला, “पहिला अर्धा भाग रटाळ आहे. काढून टाक.”

आता ही रडणार, की राजीनामा देणार, की त्याच्यावर तक्रार गुदरणार, अशा विचारांनी जाइल्सला घाम फुटला. कीली मात्र पडद्याकडे बघत होती. तिने मान डोलावली, टपालखातं सगळंच्या सगळं पुसलं आणि बादलीवाल्या गृहस्थांना पहिल्या पानावर आणून बसवलं. एकदम मांडणीत जीव आला. दुसऱ्या दिवशी परीक्षक त्या बादलीपाशीच खो खो हसणार होते आणि कीली उत्तम गुणांनी सुटणार होती. पण ते दुसऱ्या दिवशी.

“राग नाही ना आला?” जाइल्सने चाचरत विचारलं.

कीलीने मान वर केली.

“हे सोमवारी सांगायला काय धाड भरली होती?”