न धरलेली झील

गौरी-गणपतीत आमच्या पेणच्या खाडीकाठच्या गावांत घरोघर नाच फिरतो. अंगणात मधोमध बुवा बसतो. तो गाण्याची ओळ म्हणतो, मागचे ती उचलतात. त्याला झील धरणं म्हणतात. आमच्या मेळात झील मी सुरू करायचो. माझा आवाज निघाला की बाकीचे निघायचे.

बुवा मिठागरावर कामाला. त्या वर्षी त्याच्या धाकट्या भावाला सायकलचोरीच्या संशयावरून चौकीत नेलं. दोन दिवसांनी सोडलं तेव्हा उजवं मनगट कामातून गेलेलं. सायकल मालकाच्याच गोठ्यात सापडली. मी बुवाला म्हटलं, वर अर्ज कर. तो म्हणाला, "अर्ज कोण वाचतंय? गाण्याला झील तरी मिळल."

सायकल गोठ्यात गावली, हात चौकीत मोडला
गणराया, सांग बाबा, चोर कोणी सोडला?

चार गावांत हे गाणं झालं आणि त्याच चौकीतल्या हवालदारानं मला वडखळ नाक्यावर गाठलं. रोह्याच्या कंपनीचं पत्र मला आलं होतं, पोलिसांचा दाखला तेवढा बाकी होता. त्यानं चहा पाजला.

"कंपनीत लागतोयस म्हणं? चांगलं हाय. दाखला आमच्याकडनंच जायचा." मग हसला. "बुवाला गाऊ दे रे. एकटा किती गाणार?"

त्यानं माझ्याकडे काही मागितलं नाही. तरी तेवढ्यावरच मला काय ते कळलं, याची लाज जास्त वाटते.

गौरीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका मोठ्या अंगणात बसलो. ओटीवर हवालदार करंजी खात होता. बुवानं ती ओळ म्हटली. मी टाळांकडे बघत राहिलो. मी गप्प, म्हणून मागचे आठ जण गप्प. बुवानं ओळ पुन्हा म्हटली. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले.

"काय रे, सगळ्यांच्या तोंडात मोदक हायत काय?" एक म्हातारी ओरडली. अंगण हसलं. हवालदारही हसला.

तिसऱ्यांदा म्हटली तेव्हा झील आली. कुंपणाशी बसलेल्या बुवाच्या भावानं धरली होती. त्याला सूर नव्हता, पण शेवटपर्यंत म्हणाला. बुवानं ढोलकीवाल्याला हात केला आणि देवाचं गाणं घेतलं. त्या गाण्याला मी खणखणीत झील धरली. हेही लिहायलाच हवं.

परतताना बुवा म्हणाला, "गळा बसला व्हता काय रे तुझा?"

देवाच्या गाण्यातला माझा आवाज त्यानं ऐकला होता. तरी मी म्हटलं, "व्हय."

दाखला आला. रोह्यात इतकी वर्षं शिफ्ट केल्या, घर बांधलं. बुवानं ते गाणं पुन्हा घेतलं नाही. आता तो नाही. भाऊ आहे, डाव्या हातानं जेवतो. मी दिसलो की आधी तोच हाक मारतो.

मी झील धरली नाही त्या दिवशी संध्याकाळी भाऊच आमच्या दारात आला होता. बुवानं माझ्या गळ्यासाठी खडीसाखर आणि मिरी दिली होती. डाव्या हातानं त्यानं पुडी पुढे केली. मी घेतली, आणि त्याच्यासमोर एक खडा तोंडात टाकला.